सकाळची गाडी उपाशी सोडायची न्हाई

सकाळी बरोबर आठला आमच्या दारात शिट्टी वाजते. खरी पितळी शिट्टी. मागोमाग आवाज येतो, "आठची गाडी फलाटाला लागलेली हाय. प्रवाशांनी तयार ऱ्हावं." गाडी म्हणजे माझी औषधाची कॅप्सूल आणि प्रवासी म्हणजे मी. शिट्टी वाजवणारे शेजारचे भानुदासकाका असतात. एका हातात डबा, काखेत लांबडं रजिस्टर.

काका गेवराईच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर होऊन तलवाड्याला आले तेव्हा माइक तिकडे ठेवून आले, आवाज मात्र सोबत आणला. काकू वारल्या. मुलगी लग्न होऊन लांब गेली. गावात येणाऱ्या बसगाड्यांना कंट्रोलर लागत नाही, म्हणून काकांनी मला ताब्यात घेतलं.

मी गणिताचा मास्तर. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हे नाव गावात कुणाला घेता येत नाही, मलाही पहिले काही महिने आलं नाही. आपल्या शरीराचे राखणदार चुकून आपल्याच नसांवर काठ्या चालवतात, असा हा आजार. माझ्या प्रकारात झटका येतो, ओसरतो, आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो. पहिल्या झटक्यात डाव्या डोळ्यापुढे धूर आला, तर मी चष्मा दोनदा साबणाने धुतला आणि दुकानदाराशी भांडून काच बदलून आणली. दुसऱ्यात उजवा पाय फरफटायला लागला, तेव्हा मी दोष चपलेला दिला. यावरून माझी हुशारी लक्षात यावी.

पुढचे झटके टळावेत म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी ही कॅप्सूल सुरू केली. सकाळ-संध्याकाळ, जेवणासोबत. "पुढच्या झटक्यात गेलेला पाय परत येईलच असं नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे.

माझी बायको विमल चकलांब्याच्या शाळेवर असते. ती सकाळी लवकर निघते, आणि मला दहापर्यंत नुसत्या चहावर राहायची खोड. एका एकादशीला मी कॅप्सूल कोऱ्या चहाबरोबर घेतली. अर्ध्या तासात तोंड टोमॅटोसारखं लाल, कान गरम, पोटात कालवाकालव. तसाच वर्गात गेलो. पोरांना वाटलं, सर भयंकर चिडलेत. वर्ग चिडीचूप. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा दरारा मला कधी लाभला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशीही उपाशीपोटी घ्यावी असा विचार माझ्या मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू?

काकांना हे कळलं. ते आले आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "डिझेल न टाकता गाडी कावून सोडली?" दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. ज्वारीची भाकरी, पिठलं, कधी शेंगदाण्याची चटणी आणि दही. "तुमाला एकट्याला जात न्हाई म्हणून मी आपला जोडीला बसतो," असं म्हणत तेही खायचे. मग रजिस्टरमध्ये नोंद व्हायची. वेळ, जेवण, चेहऱ्याचा रंग (जेवून घेतली तरी थोडी लाली यायचीच), शेरा.

त्यांचे नियम लई कडक. एकदा कॅप्सूल घशात अडकते म्हणून मी ती उघडून दह्यात कालवायला निघालो. काकांनी हात धरला. "चालत्या गाडीचं बॉनेट उघडायचं न्हाई." एकदा सकाळची राहिली, तर संध्याकाळी दोन घेतो म्हणालो. "गेलेल्या गाडीचे प्रवासी पुढच्या गाडीच्या टपावर बसवायचे न्हाईत, सर. गेली ती गेली." धर्मापुरीच्या माझ्या मेव्हण्याने पायासाठी झाडपाल्याचा काढा पाठवला होता, तो काकांनी दारातच अडवला. "याच्यावर डॉक्टरीणबाईची सही हाय का? न्हाई? मग हा विनातिकीट हाय. उतरवा खाली." मी बीजगणित शिकवतो आणि माझ्याच घरात मला पाढे शिकवणारा हा माणूस. मला राग यायचा. भाकरी मात्र मी सगळी खायचो.

मग उन्हाळ्यात मी देवीच्या पायऱ्या एका दमात चढलो. पाय कुठे फरफटला नाही, डोळा लख्ख. वर पोहोचल्यावर मी ठरवून टाकलं, आपण बरे झालो. आता कशाला ते लाल तोंड? दुसऱ्या दिवसापासून मी कॅप्सूल मुठीत ठेवून नुसतं पाणी प्यायला लागलो. सकाळी काकांसमोर, संध्याकाळी विमलसमोर. कॅप्सूल जायची खडूच्या डब्यात. कॉपी करताना धरलेल्या पोरांना मी ज्या शब्दांत झापतो, ते सगळे शब्द मला पाठ आहेत. तरीही.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी काकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. रंगाच्या रकान्यात आधी ओळीने लाल, फिकट लाल, लाल. मग अकरा वेळा "साधा". शेऱ्याचा रकाना कोरा होता.

"गाडी रद्द झाली की कंट्रोलर कारण लिहितो," ते म्हणाले. "पण रद्द तुमी केली. तुमीच लिवा."

मी लिहिलं, "बरं वाटत होतं."

काकांनी ते दोनदा वाचलं. "पाय गेला तर हा कागद दावणार का वर्गातल्या पोरांला?" एवढंच बोलले, आणि त्याच आठवड्यात मला संभाजीनगरला घेऊन गेले. रजिस्टरसकट.

डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर वाचलं आणि रक्त तपासलं. या औषधाने पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सध्या कॅप्सूल थांबवू, महिन्याने पुन्हा रक्त पाहू, मग ठरवू, तोवर ताप आला किंवा डोळा-पाय बिघडला तर लगेच फोन करा. मला आनंदाची उकळी फुटली. "म्हणजे मी बंद केली ते बरोबरच होतं की!"

"तुम्ही रक्त तपासून बंद केली होती का?" बाईंनी विचारलं. काका हळूच म्हणाले, "गाडी बंदचा हुकूम वरून येतो, सर. डायवर काढत न्हाई."

परत येताना गाडीत मला काकांचीच काळजी वाटायला लागली. कॅप्सूल बंद म्हणजे त्यांची ड्युटी बंद.

दुसऱ्या दिवशी आठला शिट्टी वाजली नाही. पाच मिनिटांनी दारात नुसतेच काका उभे. डबा होता, काखेत रजिस्टर होतं, आवाज नव्हता.

"काका, गोळी बंद आहे."

"माहीत हाय." ते आत येऊन बसले. "भाकरी जास्तीची झाली, म्हणून आणली."

ते हात धुवायला मोरीत गेले, तेव्हा मी सहज रजिस्टर चाळलं. दिवाळीत आम्ही आठ दिवस सासुरवाडीला गेलो होतो. त्या पानावर वेळेच्या रकान्यात रोज आठ वाजताची नोंद होती. पुढे "प्रवासी नाही." आणि जेवणाच्या रकान्यात, जिथे काका रोज काय रांधलं ते लिहायचे, आठही दिवस एक आडवी रेघ.

काका धोतराला हात पुसत आले. मी रजिस्टर मिटलं.

"काका, त्या आठ दिवसांत तुम्ही जेवत नव्हता?"

"खायाचो की. बिस्कीट, चिवडा." ते डब्याचं झाकण काढायला लागले. "एकट्यासाठी चूल कोण पेटवतं, सर?"

अकरा दिवस मी या माणसाची भाकरी खाऊन त्याच्यापुढे नुसतीच मूठ तोंडाला लावली होती. मला माझीच लाज वाटली. पेन काढून मी आजच्या ओळीत वेळ लिहिली, जेवणात भाकरी-पिठलं लिहिलं आणि खाली नवीन ओळ आखली. संध्याकाळ, आठ वाजता, आमच्या घरी.

काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "संध्याकाळची गाडी विमलबाईंकडं असती. माझ्याकडं न्हाई."

"विमलचाच हुकूम आहे," मी म्हणालो. हे खोटं होतं, विमलला अजून सांगायचं होतं. माझं हे एक खोटं काकांनी तपासलं नाही. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, धोतराला पुसली आणि परत खिशात ठेवली.

"आठ म्हणजे आठ," ते म्हणाले. "उशीर चालायचा न्हाई."