सबनीसकाकांना हवी असलेली प्रतिक्रिया

सबनीसकाकांच्या हातात ते जाडं पुस्तक दिसलं की आमच्या सोसायटीतली गुडघे दुखणारी माणसंसुद्धा लिफ्ट सोडून जिन्याने जातात. कारण लिफ्टमध्ये काका गाठतात आणि विचारतात, "काय, वाचलंत? मग बोला."

पुस्तक वर्णद्वेषावरचं. देशोदेशीच्या जुन्या लेखांचा मराठी अनुवाद. काळी माणसं कमी प्रतीची असतात हे अगदी शांतपणे सिद्ध करणारे न्यायाधीश, धर्मगुरू आणि डॉक्टर त्यात आहेत, आणि ज्यांनी ते सोसलं त्यांचंही लिहिलेलं आहे. पनवेलच्या एका पुस्तक प्रदर्शनात काकांना ते मिळालं. त्यांनी वाचून काढलं आणि परत जाऊन उरलेल्या सगळ्या प्रती उचलून आणल्या. तेव्हापासून ते घरोघर पुस्तक देतात आणि आठवडा उलटला की प्रतिक्रिया वसूल करायला येतात. ती मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि तिथल्या तिथे बंगळुरूला मुलीला, शरयूला, पाठवतात.

एक प्रत शरयूलाही कुरिअरने गेलेली आहे. ती सगळ्यांचं ऐकते, निळ्या खुणा उमटतात, पण स्वतः अवाक्षर बोलत नाही. फोनवर बापलेकीचं बोलणं "औषधं घेता ना?" आणि "घेतो" इतकंच. आमची सगळ्यांची मतं नुसती भरतीची. काकांना हवं होतं एकटीचं, शरयूचं.

"छान आहे" हे त्यांना चालत नाही. "छान भजी असतात," म्हणतात. नोकरी सगळी तळोज्याला रंगाच्या कारखान्यात, शेड जुळते की नाही बघण्यात गेली. तिथे 'साधारण बरोबर' म्हणून भागायचं नाही. मी हुशारी करून नुसती प्रस्तावना वाचली आणि बरंच काही बोलले. काकांनी रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाले, "वैशालीताई, प्रस्तावना मीही वाचलीय. आता पुस्तक वाचा." मला रागच आला. पण वाचलं. कवट्या मोजून कोण हुशार नि कोण मठ्ठ ते ठरवणाऱ्या एका डॉक्टरचा लेख वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही खरं.

आमचे सेक्रेटरी परांजपे म्हणाले, परदेशातले लोक फार वाईट, आपल्याकडे असलं काही नाही बुवा. आणि त्याच दमात मला विचारते झाले, मुलासाठी एखादी गोरी, नाकीडोळी नीटस मुलगी आहे का बघण्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या देव सरांनी शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या. काकांनी त्याही शरयूला पाठवल्या.

मग पुस्तक गेलं बी विंगमधल्या म्हात्रेवहिनींकडे. वहिनी मूळच्या गव्हाणच्या. जमिनी गेल्या, फ्लॅट आले, दारात गाडी आली, पण बोलणं गावचंच राहिलं. पुस्तक परत द्यायला त्या आल्या तेव्हा मी काकांकडेच होते, डब्यात थालीपीठं घेऊन. काकांनी फोन पुढे धरला. वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काका, त्या गोऱ्यांनी पुस्तकात लिवलं. आमी पोरीच्या बायोडाट्यात लिवतो. दुसरा काय फरक नाय."

वहिनी गेल्या तरी काकांचा फोन रेकॉर्ड करतच होता. मीच तो त्यांच्या हातातून घेऊन बंद केला आणि आत जाऊन चहा टाकला.

चहा झाल्यावर काका बोलले. शरयूच्या बायोडाट्यात 'वर्ण निमगोरा' हे त्यांनीच लिहिलं होतं. स्टुडिओत सांगून फोटोही उजळ करून घेतला होता. शरयू सावळी, अगदी आईवर गेलेली. कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला, आणि निघताना दारात मुलाच्या आई म्हणाल्या की फोटोत मुलगी बरीच उजळ दिसत होती.

"आणि मी काय केलं?" काका म्हणाले. "हात जोडले. माफ करा म्हणालो. शरू मागे बशा उचलत होती. माझी मुलगी सावळी आहे म्हणून मी परक्या बाईची माफी मागितली."

मुलीकडच्यांचे हात असे आपोआप जोडले जातात. माझ्या वडिलांचे मी पाहिलेत. शरयू भांडली नाही, रडली नाही. तिने बंगळुरूची नोकरी धरली आणि औषधांपुरती उरली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काका दोनदा म्हणाले.

वहिनींचं बोलणं पाठवावं की नाही, ते ठरेना. मी म्हटलं, पाठवायचं तर हेच पाठवा. त्यांनी पाठवलं. थोड्या वेळाने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिकडून उत्तर आलं. काकांनी चष्मा शोधला नाही, फोन माझ्याकडे दिला. मी वाचलं: "सगळ्यांचं ऐकलं, बाबा. तुमचं काय?"

अख्ख्या सोसायटीला बोलतं करणाऱ्या माणसावर आता स्वतः बोलायची पाळी आली. मग घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "सदर ग्रंथातील विचार..." आणि पुसून टाकलं. दुसऱ्यांदा "अनुवाद ओघवता आहे" इथवर आले, तेही पुसलं. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा. एकट्याने जमायचं नाही."

तिसऱ्यांदा त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"शरू, मी वाचलं. त्या लिहिणाऱ्यांचा राग आला, आणि मग माझेच जोडलेले हात दिसायला लागले. माफी तुझी मागायची होती, मी त्या बाईची मागितली. तू आईसारखी दिसतेस. आणि तुझी आई मला फार सुंदर दिसायची, हे मी तुम्हा दोघींनाही कधी सांगितलं नाही."

पाठवलं. आम्ही दोघंही फोनकडे बघत बसलो. खुणा निळ्या झाल्या. फोन काही वाजला नाही.

"ऐकलं तिने," काका म्हणाले. "एवढंही पुष्कळ आहे."

म्हणाले खरे, पण फोन त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. आणि माझाही पाय तिथून निघेना.