पलंगावरची जागा

बाळ घरी आलं त्याच दिवशी रादोयेची उशी स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्या मागोमाग रादोये. पहिले चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीला एकटं ठेवायचं नाही, म्हणून त्याची आई स्तामेना गावाहून आली आणि पलंगावर सुनेशेजारी झोपू लागली. चाचाक शहरातल्या कुठल्याही घरात हेच झालं असतं. रादोयेला खुपत होतं ते वेगळंच. लेक दोन आठवड्यांची झाली, तरी तिच्याशेजारी तो एकदाही आडवा झाला नव्हता.

"तू नकोच," आई म्हणायची. "लहानपणी लोळत लोळत खाटेवरून दारापर्यंत जायचास. लेकराचा चेंदा करशील."

त्या दुपारी आई चर्चमध्ये गेली. बाळाच्या आंघोळीसाठी पाद्रीबाबांकडून प्रार्थना म्हटलेलं पाणी आणायचं होतं. देसांका हळूच नवऱ्याला म्हणाली, "मी केस धुऊन येते. तू पड हिच्याजवळ. पण लोळलास तर याद राख!"

रादोये बस चालवायचा. जिवाची जोखीम म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नसे. त्याने आंघोळीच्या झग्याचा पट्टा कमरेला आवळला, दुसरं टोक पलंगालगतच्या, थंडीत खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या नळाला बांधलं, वर चादर ओढली आणि बाळापासून हातभर अंतरावर उताणा पडला. उकाड्यामुळे खिडकी किलकिली होती. पण घराचं दार बंद, तेव्हा आरपार वाऱ्याची भीती नव्हती; दार-खिडकीमधून वाहणारा तो वारा अंगावरून गेला की माणूस दगावतो, असं तिथे सगळेच मानत. बाळाचा श्वास ऐकता ऐकता त्याचेही डोळे मिटले.

तेवढ्यात शेजारच्या पेर्सिदाकाकू बाळ बघायला आल्या. दोन्ही हातांत गिबानित्साची, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांची, गरम परात, त्यामुळे दार कोपराने ढकललं ते उघडंच राहिलं. खिडकी धाडकन उघडली, पडदा फुगला.

"आरपार वारा!" काकू किंचाळल्या. "अरे, खिडकी लाव! लेकरू जाईल!"

"उठता येत नाही, काकू!"

"का? पाय मोडलेत?"

"बांधलंय मला!"

काकूंनी परात बाळाच्या पायाशी टेकवली, चादर उचलली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "देसांका! अगं, नवऱ्याला बांधून घातलंस?"

देसांका तशीच धावत आली. ओले केस आणि आरपार वारा! आता दोन जीव धोक्यात. काकूंनी टेबलावरचं कापड ओढून तिचं डोकं डोळ्यांसकट गुंडाळलं, आणि खिडकीकडे निघालेली देसांका कपाटावर आपटली. रादोयेने बाळाला आडोसा करायला झेप घेतली. पट्ट्याने त्याला अधांतरी रोखलं. तो तसाच कमानीसारखा वाकून, वाऱ्यापुढे उशी धरून राहिला. घराचं दार लावायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

ते स्तामेनाने लावलं. पाण्याची बाटली खाली ठेवून तिने खिडकीही लावली. घर एकदम शांत झालं. बाळ झोपलेलंच होतं.

"हे काय?"

"लोळू नये म्हणून, आई."

तिने पट्टा ओढून बघितला, मग गाठ सोडली. रादोयेने उशी उचलली. परत स्वयंपाकघर.

"कुठे निघालास?"

आईने त्याला पुन्हा बाळाशेजारी निजवलं, पट्टा चार बोटं आखूड केला, गोठ्यात मारतात तशी गाठ मारली आणि स्वतःची उशी काखेत घेतली.

"बाळ-बाळंतिणीला एकटं ठेवायचं नाही," दारात थांबून तिने सुनेला बजावलं. "हा आता कुठे जात नाही."