धाकला साहेब नाही म्हणाला असता तर

बस चुकलेला माणूस मधुकाकांना फार आवडतो.

समुद्रपूरच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी एक बाक आहे. गिऱ्हाइकांसाठी म्हणजे नावापुरता. त्यावर मधुकाका बसतात. हिंगणघाटची गाडी डोळ्यांदेखत निघून गेलेला एखादा बिचारा घाम पुसत आला, की काका सरकून जागा देतात, चहा सांगतात आणि तो पहिला घोट घेतो न घेतो तोच विचारतात, "समजा, म्हणजे फक्त समजा, इंग्लंडचा पंतप्रधान दुसराच झाला असता तं?"

माणूस बघतच राहतो. पण चहा अर्धा झालेला असतो, दुसरी गाडी तासाभरानं. पळणार कुठे?

काका माझे शेजारी. कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला असताना उशाशी रेडिओ ठेवून लंडनहून लागणाऱ्या हिंदी बातम्या ऐकायचे. तिथेच कधीतरी त्यांना हे प्रकरण सापडलं. महायुद्धानंतर पंधरा-वीस वर्षांनी तिकडचा पंतप्रधान आजारी पडून दवाखान्यात गेला. त्याच्या मागे कारभार बघणारा एक हुशार, सज्जन माणूस होता. खुर्ची आता ह्यालाच, असं अवघा देश धरून चालला होता. काका त्याला 'धाकला साहेब' म्हणतात. खरं नाव सांगत नाहीत. "जो झालाच नाई, त्याचं नाव घेऊन काय करता बाई?" असं मलाच ऐकवतात.

मग माझ्या काउंटरवर इंग्लंड मांडलं जातं. स्टेपलर म्हणजे आजारी पंतप्रधान. खोडरबर म्हणजे धाकला साहेब. गोंदाची बाटली म्हणजे त्याच पक्षातला एक लॉर्ड, कानामागून येऊन तिखट झालेला. "मतदान नाई, काई नाई! जुन्या मंडळींनी एकमेकांच्या कानात विचारलं अन् ठरवून टाकलं. आपल्या गावात सरपंच अविरोध निवडतात ना, अस्संच!" इथे बाटली पुढे सरकते. गिऱ्हाईक दोन कागद टाचायला थांबलेलं असतं आणि पंतप्रधान दवाखान्यात आहेत म्हणून स्टेपलर मिळत नाही. डोकं फिरतं हो माझं!

"धाकला फक्त नाई म्हणला असता, मी तुमच्या मंत्रिमंडळात येत नाई म्हणला असता, तं लॉर्डाचं सरकारच बनत नव्हतं. एकच शब्द होता! पण तो मूग गिळून बसला. अन् वर्षभरात पक्ष हरला, तोही थोडक्यात. समजा हा असता तं जिंकले असते. मंग समोरचे आलेच नसते, त्यांच्या नंतरचे बी आले नसते. सारं इंग्लंडच येगळं झालं असतं का नाई?"

एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, लंडनचं राहू द्या, माह्या चहाचे पैसे घ्या अन् मले सोडा." पण खरं सांगू, ऐकून ऐकून मलाही नाद लागला. पोळ्या लाटताना मनात यायचं, खरंच का बोलला नसेल तो? भ्याला असेल? की पक्ष फुटू नये म्हणून? की कोणीतरी आपल्याला विचारेल, याची वाट बघत बसला असेल?

गंमत अशी, की एका शब्दासाठी एवढा जीव काढणाऱ्या मधुकाकांना स्वतःला तो शब्द येत नाही. पंगतीत जिलबी वाढणारा आला की ते पानावर हात आडवा धरतात, पण तोवर जिलबी पडलेली असते. बाजारात किडकी वांगी हटकून ह्यांच्याच पिशवीत. आणि घरात तर विचारूच नका. शेती, सोयरीक, गोठ्याचं कुलूप, सगळं थोरले भाऊ ठरवतात. काकांचं एकच वाक्य ठरलेलं असतं, "मोठे म्हणतील तसं."

थोरल्या मुलीच्या, वंदनाच्या वेळीही ते हेच म्हणाले होते. पोरीला शेतकी कॉलेजात जायचं होतं, नंबरही लागला होता. मोठ्यांनी कारंज्याचं स्थळ काढलं. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि बाप जमिनीकडे. तेव्हापासून तिचा फोन येतो तो आईला. चुकून काकांनी उचलला तर "आईले द्या" एवढंच.

यंदा धाकटीची, स्वातीची पाळी आली. नागपूरला नर्सिंगला नंबर लागला म्हणून कागदांच्या झेरॉक्स काढायला ती दुकानात आली. मी म्हटलं, "मग तोंड का उतरलंय?"

"सोमवारी ॲडमिशनची शेवटची तारीख हाये काकू. अन् रविवारी मोठेबाबानं पाव्हणे बोलावले. माहे बाबा काय म्हणतील, तुमाले माहीतच हाये."

माहीत होतंच. बाहेर बाकावर बाबा कुणाला तरी लॉर्ड समजावून सांगत होते. असा राग आला, वाटलं गोंदाची बाटली फेकून मारावी!

रविवारी पोह्यांना हातभार लावायला मी त्यांच्याकडे गेले. पाहुणे यायच्या आधी ओसरीवर बैठक बसली. मोठे भाऊ म्हणाले, "स्थळ चांगलं हाये. पसंत पडली तं आजच सुपारी फोडू. काय मधू?"

काका जमिनीकडे बघत होते. स्वाती दारात उभी होती. काकांनी तोंड उघडलं आणि मला भीती वाटली की आता हे 'समजा' म्हणतात.

"नाई," काका म्हणाले.

"काय?"

"नाई. पोरगी नागपूरले जाईन. शिकीन."

माझ्या हातातला झारा हातातच राहिला. आता घर फुटतं, असं धरून मी देवाचं नाव घेतलं. मोठे भाऊ धाकट्याकडे टकमक बघत होते. मग म्हणाले, "मंग तसं बोल ना बे! मले काय समजते नर्सिंगचं? तू काई बोलत नाई म्हणून मले ठरवा लागते." आणि पाहुण्यांना येऊ नका सांगायला त्यांनी फोन काढला. नंबर शोधता शोधता सहज विचारलं, "वंदीच्या टाइमाले काऊन नाई बोलला?"

पोह्यांची बशी तशीच ठेवून काका उठून गेले.

दुसऱ्या दिवशी स्वातीला नागपूरच्या गाडीत बसवून काका बाकावर आले. शेजारी बस चुकलेला एक माणूस बसला होता. काका त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मला करमेना. मीच खोडरबर पुढे ठेवलं आणि म्हटलं, "काका, समजा..."

"देली असती," ते म्हणाले. "खुर्ची. त्यानं फक्त बोलाचं होतं, शोभाबाई. सारे त्याच्याच तोंडाकडे पाहून राह्यले असतील." डोळे भरून आले होते त्यांचे, आणि माझेही.

मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "वंदीले लावून द्या."

मी लावला. स्पीकर चालूच होता. पलीकडून सवयीचा आवाज आला, "हं बाबा, आईले द्या."

"नाई," काका म्हणाले. "मलेच बोलाचं हाये."

पलीकडून तिनं फोन ठेवला नाही. मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.