म्हातारीला पोत्यात घाला

सोमवारी दारव्ह्याच्या नव्या इंग्रजी शाळेत ममताची मुलाखत होती. मुलांसाठी लिहिलेल्या एका जुन्या, गाजलेल्या इंग्रजी कादंबरीतलं एक प्रकरण संस्थेच्या लोकांपुढे मोठ्याने वाचायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा, अशी अट होती. ममताचं बी.एड. झालेलं, व्याकरण पक्कं. पण चार माणसांपुढे इंग्रजी वाचायचं म्हटलं की तिचा आवाज अडखळायचा.

नवरा शाम लोहारा गावातल्या एका कंपनीत कामाला होता. त्याने तिच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं होतं. इंग्रजी बोललं की ते मराठीत सांगायचं, मराठी बोललं की इंग्रजीत. आवाज मात्र एका घोगऱ्या बाप्याचा. शनिवारी दुपारी शाम कामावर गेल्यावर ममताने खोलीचं दार लावलं, पुस्तक उघडलं आणि मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला. प्रकरण होतं दरोडेखोरांचं. ते एका पवनचक्कीत दबा धरून बसलेले आणि गिरणीवाल्याच्या म्हाताऱ्या आईला लुटायचा बेत करत होते.

ममताने पहिलं वाक्य वाचलं. मोबाइल म्हणाला, "म्हातारीला मोज्यात घाला."

"मोज्यात? सॉक नाही रे बाबा, सॅक!" तिने जबडा चांगला फाकवून पुन्हा वाचलं.

"म्हातारीला पोत्यात घाला."

"हां! आता बरोबर!" ममता आनंदाने ओरडली.

दाराबाहेर अंगणात तिची सासू जमनी तूर निवडत बसली होती. तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. घरात बाप्या माणूस नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हातारी तर घरात एकच होती.

आतून सुनेचं काहीतरी फाडफाड इंग्रजी ऐकू आलं आणि मग तो घोगरा आवाज. "तिच्या अंगावरची सगळी चांदी काढून घ्या. ओरडली तर विहिरीत टाका."

"वा! एकदम बरोबर!" सून म्हणाली.

जमनीने गळ्यातली चांदीची हांसळी पदराखाली दाबली आणि चपला न घालताच शेजारच्या फुलचंदचं घर गाठलं. "फुलचंद, मले पोत्यात घालून राह्यले रे!"

"कोन?"

"सुनेच्या खोलीत गडी हाय. थो सांगते, अन् सून बरोबर बरोबर म्हनते!"

फुलचंद घाबरट माणूस. त्याने आधी स्वतःच्या घराला कुलूप लावलं, मग त्यांच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक धरमसिंग यांना बोलावून आणलं. नाईकांमागून काठ्या, फावडी, एक लाटणं घेऊन आणखी पाचसहा जण आले. सगळे पाय न वाजवता दारापाशी गोळा झाले. प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे सारत होता.

"मांगून घेरा," नाईक कुजबुजले. "पोतं आन रे एखांदं. थ्यालेच घालू."

ममताच्या कानावर तेवढंच पडलं. मागून घेरा. पोतं. तिने हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग दाराकडे. दाराच्या फटीतून बरेच पाय दिसत होते. भर दुपारी दरोडा! तिने चटकन कडी घातली, मोबाइल छातीशी धरला आणि धान्याच्या कोठीमागे अंग चोरून बसली.

कडी वाजलेली ऐकून बाहेरचे दोन पावलं मागे सरले. शेवटी नाईकांनी आवाज चढवला. "कोन हाय आत? बाहेर ये!"

ॲप चालूच होतं. आतून घोगरा आवाज आला, "हू इज इनसाइड? कम आउट!"

"इंग्रजीत बोलून राह्यला!" फुलचंद दारापासून लांब सरकला. "नाईक, हा फॉरेनचा हाय. आपल्याच्यानं नाही होत. पोलिसायले फोन लावा."

"कॉल द पोलीस," आतल्या माणसाने फर्मावलं.

"पाहा! थो कायलेच भीत नाही!"

आता मात्र जमनीला वेगळीच धास्ती पडली. सून मघापासून गप्प होती. हिला पोत्यात घातलं की काय? सगळ्यांना बाजूला सारून ती दारावर दोन्ही हातांनी धडका मारू लागली. "माह्या सुनेले सोड! माही चांदी घे, पन पोरीले हात लावू नको!"

मोबाइलने शांतपणे सांगितलं, "लीव्ह माय डॉटर-इन-लॉ. टेक माय सिल्व्हर. डोन्ट टच द गर्ल."

कोठीमागे ममताला ते लख्ख कळलं. डोक्यात भाषांतर करावंच लागलं नाही. तिने धावत जाऊन कडी काढली आणि सासूला आईची हाक मारली. "याडी!"

जमनीने सुनेला आधी चाचपून पाहिलं, मग मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला. खुलासा व्हायला बराच वेळ लागला. फुलचंदने तर कोठीतही वाकून पाहिलं.

"मंग थ्या म्हातारीचं काय झालं?" नाईकांनी विचारलं.

"पुढचं अजून वाचलं नाही."

"वाच मंग," म्हणून जमनीने बसकण मारली. काठ्या, फावडी भिंतीला टेकवून, दार लोटून सगळे आतच बसले. ममता वाचत गेली, अर्थ सांगत गेली. दरोडेखोर पवनचक्कीतून निघाले, अंधारात घरापाशी पोचले, त्यांनी दाराला हात घातला. घाबरायचं काम आता ऐकणाऱ्यांकडे गेलं होतं. ममताचा आवाज एकदाही अडखळला नाही. फुलचंद हळूहळू सरकत नाईकांच्या पाठीमागे पोचला.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

कोणीतरी किंचाळलं. नाईकांनी झेप घेऊन कडी घातली आणि सगळे एकमेकांना धरून बसले.

बाहेर जमनीचा नवरा भावसिंग कळंबहून येऊन उन्हात उभा होता. त्याने पुन्हा दार वाजवलं. आतून त्याच्याच बायकोचा कापरा आवाज आला, "हात लावू नको! आमी लय जन हाओत!"

भावसिंग दोन पावलं मागे गेला, घर आपलंच आहे ना ते नीट पाहून घेतलं आणि मुकाट्याने ओट्यावर जाऊन बसला.