वायुमहालाची हकीकत व हैबती लोहाराचे पागोटे

श्रीमारुतरायाचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्याचा हा सर्व कारभार त्या वायुदेवासही हात जोडून, ऐकिले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्रमास. तळ्याकाठी एक राज्य होते, नाव सांगून काय करावे! तेथे हवा थंड आणि सकाळी तळ्यावर धुके, म्हणोन देशोदेशींचे प्रवासी येऊ लागले, आणि नगर वाढले, आणि खाणावळी जाल्या, घोडेवाले जाले, कणसे भाजणाऱ्यांची तर मोजदादच नाही. परंतु प्रवासी तळे पाहत, कणीस खात, आणि सांजेस परत जात. सरकारांचे मनास हे बहुत लागले. मग मसलत बसली, तेव्हा एक फिरस्ता सौदागर बोलिला जे, "परमुलखी लोक आकाशातून उडी टाकितात आणि वाऱ्यावर तरंगतात. तेच घरात करावे. काचेचा मनोरा, खाली पंखे, मध्ये माणूस. पडावयाची धास्ती नाही." सरकार ऐकोन खूश जाले आणि "ऐसा वायुमहाल आमचे नगरी व्हावा" म्हणोन हुकूम सोडिला, आणि पंख्यांचे काम हैबती लोहारास सांगितले.

हैबतीची बायको सगुणा. बारा वर्षांमागे माळ्यावरून उतरता शिडी निसटली आणि तिचे पाय गेले ते गेलेच. तेव्हापासून ती खिडकीपाशी बाजेवर, धुके कैसे चढते आणि कैसे विरते ते पाहत असे. हैबतीने हुकूम सांगितला. तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्या वाऱ्यात पाय लागतात का?" हैबती म्हणाला, "नाही गं. तिथे जमीनच नाही, पाय कशास लागतील?" "मग मला एकवार न्याल?" हैबतीने "नेईन" म्हणोन शब्द दिला, आणि त्या शब्दापायी आठ महिने भट्टी विझू दिली नाही. पात्यांस पाणी पाजिले, ओढा वळवून बारा पंखे फिरते केले, वर लोखंडी जाळी, आणि छतास कापसाच्या गाद्या. पहिल्याने वारा सोडिला ते सकाळी तळ्यावरचे धुके आत शिरले आणि मनोऱ्यात उभे राहिले, आणि सावरीचा कापूस, बगळ्याची पिसे, वाळली पाने त्यात आपखुशीने वरखाली हिंडू लागली. जो पाही तो आपले काम विसरे. हैबतीही घटकाभर विसरला.

त्या राज्याची चाल ऐसी, की नवे काही करणे ते सरकारांचे मापे. दरवाजा त्यांचे उंचीचा, बैठक त्यांचे रुंदीची. म्हणोन वाराही सरकारांचे वजनाचा बांधिला. सरकार तराजूत बसले, तीन मण भरले, तीन मणांचा वारा जाला. हलके माणूस आत गेले तर त्याचे काय होईल, हे दरबारात एकास सुचेल तर शपथ! हैबतीस सुचले, परंतु लोहारास विचारितो कोण? आणि दुसरी चाल ऐसी, की सरकारांचे आधी सर्व काही चाखणीसाने अनुभवावे. अन्न चाखावे, नवा पलंग निजून पाहावा, नवा घोडा बसून पाहावा. हे काम बहिरोपंत चाखणीस तीस वर्षे सुखाने करीत आले.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस सरकारांनी उडावे ऐसे ठरले. दोन दिवस आधी चिंतोपंत दप्तरदारांनी दारावर नियमांची पाटी लाविली. त्यात लिहिले जे, ज्याचे पाय धड नाहीत त्यास आत सोडू नये. हैबती पाटी वाचून पंतांकडे गेला. म्हणाला, "पंत, आत पाय लागतच नाहीत." पंत म्हणाले, "नसतील लागत. पण पाटी रंगवून जाली, आता मी काय करू?" हैबती हातापाया पडला, काही चालले नाही. घरी आला तो सगुणेने जुने लुगडे फाडून शेजारणीकडून विजार शिवून घेतलेली, उशाशी घडी करून ठेविलेली. ती पाहून पाटीची गोष्ट त्याने पोटातच ठेविली.

पंचमीस वायुमहालात दरबार भरला. बहिरोपंतांनी जाळीवर एक पाय ठेविला, खालून वारा आला, आणि पंतांचे डोळे पांढरे जाले. "सरकार, तीस वर्षे विषास भ्यालो नाही. पण हे माझ्याच्याने होणे नाही!" म्हणोन जे खाली बसले ते उठेनात. चाखल्यावाचून सरकारांनी जावे तर चाल मोडते, आणि न जावे तर प्रवाशांत हसे होते. दप्तरदार ओरडले, "आहे का कोणी, ज्याचे बरेवाईट जाले तरी दौलतीचे काही अडणार नाही?" सर्व मानकरी आपापले जोडे पाहू लागले. तेव्हा हैबती पुढे होऊन बोलिला, "माझे घरी आहे. बारा वर्षे बाजेवर आहे. दौलतीचे काही अडणार नाही. अडेल ते माझे अडेल." त्या घाईत पाटी कोणास आठवते! पालखी धाडिली आणि सगुणा विजार घालून आली.

हैबतीने तिला जाळीवर निजविले आणि कानाशी म्हणाला, "सगुणे, वारा तीन मणांचा, आणि तू जेमतेम एक मण. थेट छतास जाशील. नको म्हण, पुढचे मी निस्तरतो." ती म्हणाली, "बारा वर्षे छतच पाहते आहे. जरा जवळून पाहू द्या. सोडा वारा." मग हैबतीने घाम आला म्हणोन पागोटे काढून ठेविले, आणि पंख्यांवर ओढ्याचे पाणी सोडावयाचा दांडा दोन्ही हातांनी धरून हळूहळू पाणी सोडिले. सगुणा उचलली, आणि माणसाचे उंचीवर गेली, आणि झुंबरांचे वर गेली, आणि जे पाय दुसऱ्याने उचलावे तेव्हा उचलत ते आपोआप तिचे मागे तरंगू लागले. काचेपलीकडे धुके चालले होते आणि अलीकडे ती चालली होती, आणि कोणाची घाई कोणास नव्हती. गादीस बोटे लावून ती वळली, खाली पाहिले, आणि सर्व दरबार ऐकेल ऐसे ओरडली, "अगंबाई! अहो, तुमचा माथा विरळ जाला की हो! बारा वर्षे खालूनच पाहत आले, मला कळावे कैसे?" हैबतीस हसू आले आणि रडूही आले, परंतु दांडा सोडिला नाही.

तेव्हा दप्तरदारांनी कपाळावर हात मारिला. "सरकार, बाई आपले मस्तकाहून उंच गेली! आणि पाटीप्रमाणे हीस पुन्हा आत सोडिता येत नाही." सरकार मान वर करून पाहत होते, ते तैसेच बोलिले, "चाखणीस आमचे आधी जेवितो, तेव्हा कोणी ओरडत नाही. ही आमचे आधी उंच गेली, त्यात काय जाले? आणि पंत, अन्न रोज चाखितात ना? मग आजचा वारा चाखिला म्हणोन उद्याचा चाखिला ऐसे होते काय?" मग सगुणेस हळूच खाली उतरविले, आणि सरकार स्वतः आत गेले, जाळीपासून हातभर उचलले, आणि तितक्यानेच बहुत संतोष पावले.

येणेप्रमाणे वायुमहाल सिद्ध जाला. ज्याचे त्याचे वजनाचा वारा देऊ लागले, पाटीची ती ओळ पुसली, आणि प्रवासी दुसरे दिवशीही राहू लागले. वारा चाखणे सगुणाबाईंकडे कायम जाले. रोज सकाळी, दार उघडावयाचे आधी, त्या वर जातात आणि हैबती दांडा धरितो. थंडी कितीही असो, तो आधी पागोटे काढून बाजूस ठेवितो, आणि मगच वारा सोडितो.