तेलपाण्याची चौकशी

"ब्रेक ऑइल काळं पडलंय का, बघितलंस?" रोडेलने विचारलं, आणि नेनिताने ओठांवरची लिपस्टिक तळहाताने पुसून टाकली.

लिपस्टिक नवी होती. अंगातला ब्लाउजही नवा. केस धुऊन, वाळवून, एका खांद्यावरून पुढे घेतले होते आणि फोन साखरेच्या डब्याला असा टेकवला होता की हनुवटी एकच दिसावी. एवढी सगळी तयारी! आणि समुद्राच्या पार पलीकडे, इंजिनखोलीतून वर येऊन, डेकवर नेटवर्क शोधत उभा असलेला नवरा विचारत होता काय, तर ब्रेक ऑइल.

"बघते," नेनिता म्हणाली.

मग इंजिन ऑइल झालं, गिअर ऑइल झालं, कूलंट झालं, काच पुसायच्या पाण्याचीसुद्धा विचारपूस झाली. रोडेल मालवाहू जहाजावर ऑइलर होता. दिवसभर जो तेलात बुडालेला, त्याला तेलाशिवाय दुसरं सुचणार तरी काय, अशी समजूत नेनिता स्वतःच स्वतःची घालत आली होती. पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर घरी येणार होता. त्याआधी गाडीची सगळी तेलं बदलून ठेव, आणि ती नेस्तोरकडेच, दुसरीकडे कुठे जायचं नाही, असं त्याने बजावलं. पुन्हा बजावलं. आणखी एकदा बजावायला गेला तेव्हा चित्र गोठलं आणि उघड्या तोंडाचा नवरा पडद्यावर तसाच राहिला. नेनिता त्याच्याकडे बघत बसली. या उघड्या तोंडातून "तू कशी आहेस" एवढे तीन शब्द कधीतरी बाहेर पडावेत, म्हणून वाट बघण्यात तिचं निम्मं लग्न सरलं होतं.

मुलगी जेसिल दाराला टेकून सगळं ऐकत होती.

"आई, बाबांनी लग्न तुझ्याशी केलंय की गाडीशी?"

"गाडीशी. मला किल्ली सांभाळायला ठेवलंय."

आणि त्याच तिरीमिरीत नेनिताने ठरवलं की नेस्तोरकडे जायचं नाही म्हणजे नाही.

आता नेस्तोर म्हणजे जेसिलचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्याने तिला हातांवर घेतलं, तेव्हापासून तो नेनिताचा कुम्पारे आणि ती त्याची कुमारे. हे नातं व्याह्यांच्या नात्याहूनही नाजूक. चुकून धक्का लागला तरी तडा जायचा. त्याचं गॅरेज म्हणजे घराचंच अंगण. वर पत्रे, खाली जुने टायर, झुंजीचे चार कोंबडे आणि एक बाक. तेल बदलायचं तर त्या बाकावर अर्धा दिवस बसायचं, त्याच्या बायकोने आणून दिलेली उकडलेली केळी खायची आणि नेस्तोरच्या चौकशा झेलायच्या. तो गाडीखाली, नुसते पाय बाहेर, आणि त्या पायांच्या बाजूने आवाज यायचा: कुमारे, झोप लागते का नीट? गुडघा काय म्हणतो? पिठाची पोती एकटीच उचलतेस का अजून? नेनिताला वाटायचं, काय हा पंचाईतखोर माणूस! गाडीखाली गेल्यावर तरी गप्प बसावं.

मांडुर्रियावला नवं सर्व्हिस सेंटर झालंय, हे जेसिलने सांगितलं. तिथे गारेगार एसी आहे, कॉफी फुकट आहे, काम झटपट होतं. वायफायही फुकट आहे हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, पण मुद्दा तोच होता.

सेंटरचं काचेचं दार आपोआप उघडलं. गणवेशातली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "मॅम, दमलेल्या दिसताय. बसा ना. कॉफी आणू?" नेनिताला एकदम भरूनच आलं. पगारी का होईना, कुणीतरी विचारलं! त्यानंतर त्या मुलीने जे जे विचारलं त्याला ती मान डोलवत गेली. इंजिन आतून धुऊन घ्यायचं? घ्या. चाकं आलटून पालटून लावायची? लावा. गाडीत लिंबाच्या वासाचा फवारा मारायचा? मारा. मुलीने पांढऱ्या कागदावर जुन्या तेलाचा थेंब आणून दाखवला, डॉक्टरने वाईट रिपोर्ट दाखवावा तशा चेहऱ्याने. नेनितानेही तसाच चेहरा केला.

काचेपलीकडे गाडी उंच उचलली गेली आणि तिच्या पोटातून काळी धार सुटली. पण वास? वास कसलाच नाही. तिथे सगळा लिंबूच लिंबू. रोडेल सुट्टीवर यायचा तेव्हा कितीही साबण घासला तरी पहिले काही दिवस त्याच्या मानेला तेलाचा वास यायचा. मग हळूहळू तो वास जायचा, आणि तो जाईपर्यंत रोडेलची परत निघायची वेळ झालेली असायची. तो गेल्यावर नेनिता त्याच्या उशीचा अभ्रा कितीतरी दिवस धूत नसे. शेजारणी म्हणत, आळशी आहे. त्या गार खोलीत कॉफी पिताना तिला कळेना की आपण तेल बदलायला आलोय की दात काढून घ्यायला.

निघताना त्या गोड मुलीने पुढच्या काचेच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, एक स्टिकर चिकटवला. पुढचं ऑइल कधी बदलायचं त्याची तारीख, आणि वर लालभडक अक्षरांत सेंटरचं नाव. घोळ इथे सुरू झाला.

घरी पोचल्याबरोबर नेनिता तो खरवडायला बसली. अर्धा निघाला, आणि उरलेला अर्धा आधीपेक्षा जास्त नजरेत भरायला लागला. खोबरेल तेल लावलं, तर लाल रंग पसरला. शेवटी जेसिलने त्याच्यावर बाळ येशूचं चित्र चिकटवलं. "देवाला कोण उचलून बघणार?" ती म्हणाली.

रविवारी चर्चमधली मिसा संपली आणि नेस्तोर नेहमीसारखा घरापर्यंत सोड म्हणत गाडीत पुढे येऊन बसला. बाळ येशू दिसताच त्याने क्रूसाची खूण केली. चित्र जरा वाकडं होतं. देव वाकडा कसा ठेवायचा, म्हणून त्याने ते सरळ करायला हात लावला, आणि देव त्याच्या हातातच आला. मागे लाल अक्षरं.

त्याने चित्र परत जागेवर ठेवलं, चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले आणि म्हणाला, "इथेच उतरतो, कुमारे. जरा चालावंसं वाटतंय."

रागावला असता तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं; रुसव्याला काय देणार? नेनिताचं पावाचं छोटंसं दुकान होतं आणि नेस्तोर तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दुकानावरून गेला, हातात पार बाजाराकडच्या बेकरीची पिशवी. पिशवीवरचं नाव तिला दिसेल अशा बाजूने धरलेली. तिसऱ्या दिवशी त्याची बायको गेली, तीही तसलीच पिशवी घेऊन. त्या बेकरीचे पाव दगडासारखे असतात, हे अख्ख्या मोलो वस्तीला ठाऊक होतं. नेस्तोरचं कुटुंब दगड चावत होतं, पण माघार घेत नव्हतं.

आणि इकडे रोडेलचं डोकं फिरलं. एरवी आठवड्यातून एकदा फोन करणारा माणूस रोज फोन करायला लागला. तेल बदललं का? बदललं. नेस्तोरकडेच ना? नेस्तोरकडेच, नेनिताने ठोकून दिलं. मग प्रश्न एकेक जास्तच चमत्कारिक व्हायला लागले.

"गाडी नीट खाते ना? म्हणजे पेट्रोल?"

"खाते."

"रात्री गप्प असते ना? उगाच आवाज वगैरे करत नाही? कण्हल्यासारखा?"

"रोडेल, ती बंद असते रात्री."

"तसं नाही. एकटी उभी असते ना, म्हणून विचारलं."

नेनिताने फोन ठेवला आणि जेसिलला म्हणाली, की तुझ्या बापाला गाडी एकटी पडते याची काळजी आहे. एवढं बोलून ती भट्टीकडे वळली, आणि नंतर बराच वेळ वळलेलीच राहिली.

पण खोटं बोललं होतं, ते खरं करणं भाग होतं. रोडेल येणार, आल्या आल्या नेस्तोरला मिठी मारणार, आणि सगळं बिंग बाहेर. दुकान जेसिलवर सोपवून नेनिता गाडी घेऊन नेस्तोरच्या अंगणात शिरली. शिरताच तेलाचा वास आला. जुना, कोमट, लोखंडी वास. तिला एकदम वाटलं, मागून कुणीतरी येऊन उभं राहिलंय. मागे कोंबडा होता.

"तेल बदलायचंय, कुम्पारे," ती म्हणाली.

नेस्तोरने बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, आत घातली, परत ओढली आणि उजेडात धरली. तेल मधासारखं सोनेरी होतं.

"हे तर आत्ताच बदललेलं आहे."

"असू दे. परत बदल."

"चांगलं तेल फेकून देऊ?"

"तुझ्याकडून बदललं म्हणून रोडेलला सांगून बसलेय मी."

नेस्तोरने पट्टी जागेवर घातली. फडक्याने एकेक बोट पुसलं. "तू तेल कुठे बदलतेस याचं मला काही वाटत नाही," तो म्हणाला. त्याला इतकं वाटलं होतं की पाव चावून चावून त्याची एक दाढ दुखायला लागली होती. "पण तू इथे आली नाहीस, तर मी त्याला सांगू काय?"

"काय सांगायचं असतं तुला?"

"दर रविवारी फोन असतो त्याचा. नेनिता वाळली का? हसते का? गुडघा दुखतो का? तुला या बाकावर बसवून मी विचारत असतो, ती काय माझी हौस आहे? या वेळी विचारलं त्याने, तर मी म्हटलं, मला माहीत नाही बाबा, तुझी बायको आता एसीत बसते."

नेनिता बाकावर टेकली. बाकावर ओलं तेल होतं, पण तिला कळलं नाही.

"आणि मला विचारायला काय होतं त्याला?"

"मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाला, तिला विचारलं आणि ती रडली, तर भर समुद्रात मी काय करू? तेल रडत नाही."

नेनिता रडली. अगदी मन लावून रडली. नेस्तोर कोंबड्यांकडे बघत उभा राहिला, त्याच्या बायकोने केळी आणून ठेवली आणि ती आत गेली. मग नेनिताने नाक पुसलं आणि तिला सणसणीत राग आला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आपल्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होता, आणि आपल्या वाट्याला आलं नुसतं ब्रेक ऑइल!

"तेल बदल," ती म्हणाली. "आणि हे काढशील ते तुझ्या जीपमध्ये ओत. आज रविवार नाही, पण फोन कर त्याला. सांग, बारीक झालीय."

गाडीखालून फक्त पाय दिसत होते. पाय थोडा वेळ विचारात पडले. "कुमारे, एवढं खोटं कसं सांगू?"

"मग सांग, झोप लागत नाही तिला."

"मिसेत घोरत होतीस."

"ते दिवसा. रात्रीचं सांग."

रोडेल आला त्या दिवशी गाडी पुसून लखलखीत झाली होती. नेनिता, जेसिल आणि नेस्तोर असे तिघे विमानतळावर उभे होते. नेस्तोर म्हणे गाडीसाठी आला होता. दार उघडलं, माणसांचा लोंढा आला, आणि त्यात दोरीने बांधलेलं मोठं खोकं ट्रॉलीवर ढकलत रोडेल. जेसिल धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. तिला थोपटत थोपटत त्याने नेनिताकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. नेनिताला वाटलं, नेटवर्क गेलं की काय.

मग तो हळूच नेस्तोरकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कुम्पारे, बरी आहे ना रे ती?"

"हे काम आजपासून बंद केलंय मी," नेस्तोर म्हणाला. "ती काय समोर उभी आहे. तिलाच विचार."

रोडेलने खोक्याची दोरी सोडली, परत धरली. सगळ्या समुद्रांवरून फिरून आलेला माणूस, पण एवढी एक फरशी ओलांडायला त्याला केवढा वेळ लागला.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

थोड्याच वेळापूर्वी समोरच्या टपरीवर नेनिताने शेवयांच्या बाचोयचे दोन वाडगे संपवले होते, आणि दुसऱ्या वाडग्यातलं सूप तर तो थेट तोंडाला लावून प्यायली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी थांबलेय."

जेसिलने तोंड उघडलं. नेस्तोरने ट्रॉली तिच्या हातात दिली आणि तिला खांद्याला धरून गाडीच्या दिशेने चालतं केलं.