धोंडाक्कांचं दुकान सात डोंगरांपलीकडे गेलं, त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, धोंडाक्का नावाच्या अस्वलीणबाई मध विकायच्या. गुहेच्या तोंडाशी मडकी मांडायची, गिऱ्हाईक आलं की मडकं उचलून द्यायचं, एवढाच धंदा. त्यांच्याकडे कारवीच्या मधाचं शेवटचं एक मडकं उरलं होतं. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे आक्का त्याला फार जपायच्या.

शेजारी करवंदीच्या जाळीत मथुरा भेकरीण राहायची. तिचं काम जबाबदारीचं. वाघ दिसला की ती भुंकायची आणि सगळं जंगल पळायचं. या कामाबद्दल तिला कोणी काही देत नसे. आक्का मात्र अधूनमधून बोटभर मध चाटवायच्या, घसा शाबूत राहावा म्हणून.

मग जंगलात कोल्हेसर आले. त्यांनी वडाखाली तीन दिवसांचं शिबिर घेतलं. विषय होता, 'इंटरनेट कसं चालतं आणि तुमचं दुकान का चालत नाही'.

"आक्का, तुमचं दुकान आता इथे राहणार नाही," सर म्हणाले. "ते सात डोंगरांपलीकडे गिधाडांच्या कड्यावर राहील. त्याला सर्व्हर म्हणतात."

"आणि मी वो?"

"तुम्ही इथेच."

आक्कांना हे पटलं, कारण समजलं नव्हतं.

बाकीचं सरांनी सोपं करून सांगितलं. गिऱ्हाइकाने पोपटाकडे जाऊन दुकानाचं नाव सांगायचं. पोपट त्या नावाचा आकडा सांगणार, कारण मुंग्यांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. मग निरोप पानावर लिहायचा, पानाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा आणि एकेका मुंगीच्या पाठीवर एकेक द्यायचा. मुंग्या वाट मोकळी दिसेल तशा जातात. ज्याला निरोप मिळेल त्याने तुकडे जुळवायचे. एखादा राहिला तर तेवढाच परत मागवायचा. तोवर काही करायचं नाही.

"अख्खं पानच का नाही पाठवायचं?" एका सशाने विचारलं.

सर हसले. मग सगळे हसले. ससाही हसला.

"आणि एक," सर म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत एक तरी ऑर्डर आली पाहिजे. नाहीतर गिधाडं दुकान कड्यावरून ढकलून देतात. हातोहात विकलेलं ती धरत नाहीत. जे काय असेल ते मुंग्यांच्या जाळ्यावरून."

आक्कांनी गुहेवर पाटी लावली, 'येथे मध मिळत नाही.' आणि वाट बघत बसल्या. ऑर्डर काही येईना. आक्कांना जेवण जाईना. एवढं शिकून दुकान कड्यावरून पडलं, तर जंगलात तोंड कसं दाखवायचं?

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मथुरा आली.

"आक्का, घसा पार बसलाय गं," ती कशीबशी म्हणाली. "भुंकाया गेलं की नुसतं खर्र खर्र येतंय. आन् पाणवठ्यावर वाघाची ताजी पावलं हायेत. बोटभर मध दे."

आक्कांचा जीव तुटला. हात मडक्याकडे गेलासुद्धा. मग त्यांना गिधाडं आठवली.

"मथुरे, ऑर्डर टाक."

"अगं, मी तुझ्या म्होरंच हुभी हाय की."

"मला दिसतीयास गं. दुकानाला दिसत न्हाईस."

मथुरेने पोपटाकडे जाऊन ऑर्डर टाकली आणि परत येऊन आक्कांसमोर बसली. दोघींच्या मध्ये मडकं होतं. मुंग्या सात डोंगर गेल्या आणि सात डोंगर आल्या. दुपारी आक्कांनी तुकडे जुळवले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मथुरे, आली गं बाई पहिली ऑर्डर! कुनाची असंल सांग बघू?"

"माझी," मथुरा म्हणाली. तिचा आवाज आता अगदीच गेला होता.

आक्कांनी तिला घट्ट मिठी मारली. मग मडकं रानडुकराच्या पाठीवर चढवून कड्याकडे रवाना केलं, कारण तिथला शिक्का बसल्याशिवाय माल घरपोच होत नाही. मथुरेचं घर आक्कांच्या गुहेपासून अकरा पावलांवर होतं.

मडकं दिसेनासं झालं आणि मथुरेला आक्कांच्या पाठीमागच्या गवतात पट्टे दिसले.

तिने तोंड उघडलं. खर्र झालं. तिने खूर आपटले, मान हलवली.

"तक्रार असंल तर तीबी जाळ्यावरनंच," आक्का मायेने म्हणाल्या. "घाबरू नगंस. सकाळपतोर मध येतोय."

मथुरा जिवाच्या आकांताने पोपटाकडे धावली. पानावर निरोप लिहून तिने त्याच्यापुढे धरला आणि पुढच्या पायाने गवताकडे दाखवलं. पोपटाने तिकडे पाहिलं. त्यालाही पट्टे दिसले.

"मी फक्त आकडे सांगतो," पोपट म्हणाला आणि आक्कांचा आकडा सांगून उंच फांदीवर गेला.

मथुरेने रडत रडत पानाचे चार तुकडे केले. मुंग्या निघाल्या.

वाघाला घाई नव्हती. शिबिराला तोही बसला होता, अगदी मागे. मुंग्यांना किती वेळ लागतो हे त्याने लिहून घेतलं होतं.

उन्हं कलताना आक्कांकडे तुकडे येऊ लागले. आधी चौथा, 'पळ'. मग पहिला, 'आक्का'. मग दुसरा, 'तुझ्या मागं'. एका दिवसात दोनदा मुंग्या आलेल्या बघून आक्कांना धन्य वाटलं. मागे वळून बघावं असं त्यांना क्षणभर वाटलंही. पण तिसरा तुकडा आला नव्हता, आणि अर्धवट निरोपावर काही करायचं नाही, हे सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यांनी तिसरा तुकडा परत मागवला आणि शांत बसून राहिल्या.

तिसरा तुकडा रीतसर आला. आणणारी मुंगी कामाला चोख होती. घेणाऱ्याचा ठसा घेतल्याशिवाय ती कधीच परत जात नसे, तशी आजही गेली नाही. गुहेच्या तोंडाशी तिला एक पंजा मिळाला. त्याचा ठसा घेऊन ती निघाली. ठसा अस्वलाचा नव्हता.

कड्यावर गिधाडांनी ठसा पाहिला, निरोप पोचल्याची नोंद केली आणि आक्कांच्या दुकानाला पाच तारे दिले.

तात्पर्य : बाळांनो, जाळ्यावर टाकलेलं काहीही हरवत नाही. उशिरा का होईना, सगळं पोचतं. फक्त ते पोचेपर्यंत आपण कोणाच्या पोटात असू नये.